मारुती 800 चं हेड गॅस्केट (इंजिनाचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधलं सील) घरी बदललं, तो अनुभव

गाडी 1996 ची, कार्बोरेटरवाली, केए 22 म्हणजे बेळगाव पासिंग. चोर्ला घाट चढताना टेंपरेचरचा काटा लालवर गेला आणि तेव्हापासून रोज सकाळी रेडिएटरमध्ये अर्धा लिटर पाणी घालावं लागायचं. गार इंजिन झाकण उघडं ठेवून चालू केलं, तर पाण्यात बुडबुडे. तिन्ही प्लग काढून, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) मोजलं: पहिल्या सिलिंडरला साडेअकरा किलो, दुसऱ्या-तिसऱ्याला जेमतेम सहा. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदम उतरले, की रिंगा बदलायच्या मागे लागू नका. त्या दोघांमधली गॅस्केटची पट्टी आधी बघा.

पण गॅस्केट आपणहून जळत नाही. जळण्याचं कारण तसंच राहिलं, तर नवीनही जळणार. म्हणून पाना लावण्याआधी कूलिंग तपासलं. थर्मोस्टॅटचं हाउसिंग उघडलं तर आत थर्मोस्टॅटच (पाणी तापल्यावरच रेडिएटरकडची वाट उघडणारी झडप) नाही, कुणीतरी आधीच काढून टाकलेला. आपल्याकडे हे सर्रास करतात, ‘काढला की गाडी गार राहते’ म्हणून. खरं तर त्याने इंजिन रोजच्या चालण्यात तापतच नाही, पेट्रोल जास्त जातं, आणि घाटात खरी अडचण दुसरीकडेच असते. फॅनला बॅटरीवरून थेट करंट दिला, फिरला. म्हणजे मोटर ठीक, थर्मोस्विच (पाणी तापलं की फॅन सुरू करणारा) गेलेला. शिवाय वर्षानुवर्षं बोअरचं पाणी घातल्याने रेडिएटरच्या नळ्यांत क्षार बसलेले. घाटात गाडी तापली ती या दोन गोष्टींमुळे.

हेड इंजिन पूर्ण गार असतानाच खोलायचं, गरम अ‍ॅल्युमिनियम वाकतं. बॅटरीची निगेटिव्ह काढली, पाणी आणि ऑइल सोडलं. कार्बोरेटरच्या प्रत्येक व्हॅक्यूम नळीला चिकटपट्टी लावून आकडा टाकला. नुसत्या फोटोवर विसंबू नका, फोटोत नळीमागची नळी दिसत नाही. डिस्ट्रिब्युटर काढण्याआधी रोटरचं तोंड कुठे आहे ते बॉडीवर कोरून ठेवलं. हेडचे बोल्ट बाहेरून आत, पाव पाव फेरा देत ढिले केले. गॅस्केट हातात आलं, तेव्हा दुसऱ्या-तिसऱ्याच्या मधे करंगळीच्या नखाएवढी जागा काळी पडून उडालेली होती, आणि तिथून एक बारीक काळी रेघ शेजारच्या पाण्याच्या भोकापर्यंत गेलेली. बुडबुडे तिथूनच येत होते.

हेडवर स्टीलची सरळ पट्टी आडवी, उभी आणि तिरकी ठेवून खाली फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्या) घातला. 0.05 मिलिमीटरपर्यंत चालतं, इथे त्याच जळलेल्या जागी 0.10 ची पाती सहज गेली. हेड उद्यमबागेत फेसिंगला, म्हणजे पृष्ठभाग घासून सपाट करायला दिलं. आधी प्रेशर लावून तडा तपासून घ्या, तडा असेल तर फेसिंगचे पैसे वाया. कारागिराला कानडीत ‘स्वल्प’ (थोडंसंच) एवढंच दोनदा सांगितलं, कारण जास्त घासलं की कॉम्प्रेशन वाढतं, इंजिन खडखडतं. हेड हातात आहेच, तर सहाही व्हॉल्व्ह पेस्ट लावून घासून बसवले आणि सहा स्टेम सील नवीन घातले. पोर्टमध्ये पेट्रोल ओतून दहा मिनिटं ठेवलं, गळलं नाही.

आता ज्या कामाला घाई करून चालत नाही ते. ब्लॉकचा पृष्ठभाग लाकडाच्या किंवा प्लास्टिकच्या पट्टीने साफ करायचा, सॅंडपेपर नको. त्याची धूळ ऑइलच्या वाटेने बेअरिंगपर्यंत जाते. बोल्टच्या भोकांत पाणी किंवा तेल साचलेलं राहिलं, तर बोल्ट आवळताना ते दाबलं जातं. टॉर्क पाना (बोल्ट किती जोराने आवळला ते दाखवणारा) आकडा बरोबर दाखवतो, पण हेड दाबलेलं नसतं, कधी ब्लॉकलाच तडा जातो. मी सिरिंजने प्रत्येक भोक कोरडं केलं, मग कापडाची वात फिरवली. गॅस्केट कोरडंच, ‘टॉप’ खूण वर, कुठलंही सीलंट नाही. बोल्ट मधून बाहेर, तीन टप्प्यांत: 2, मग 4, शेवटी 5.5 ते 6 किलोग्रॅम-मीटर टॉर्क. इथे टॉर्क पाना हवाच, हाताच्या अंदाजाने करू नका.

टायमिंग बेल्ट चढवण्याआधी रॉकरचे सगळे अ‍ॅडजस्टिंग स्क्रू ढिले करा, म्हणजे कॅम मोकळा फिरतो. दोन्ही पुल्यांच्या खुणा आपापल्या खुणेसमोर आणून बेल्ट घातला, क्रँक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवला, खुणा पुन्हा जुळल्या तेव्हाच टेन्शनर आवळला. व्हॉल्व्ह क्लिअरन्स (रॉकर आणि व्हॉल्व्हमधली फट) गार इंजिनाला 0.15 मिलिमीटर. फायरिंग ऑर्डर (सिलिंडर पेटण्याचा क्रम) 1-3-2, म्हणून एका सिलिंडरची फट लावून झाली की क्रँक 240 अंश पुढे.

रेडिएटर रॉड मारून साफ करून घेतला, थर्मोस्विच आणि 82 अंशांचा थर्मोस्टॅट नवीन. पातेल्यात पाणी तापवून थर्मामीटर लावून तो उघडतो का ते आधी बघितलं. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं निम्मं. पहिल्यांदा स्वस्तातलं ऑइल घालून दहा मिनिटं चालवलं आणि सोडलं, आत पाणी शिरलेलं असेल तर ते निघून जातं. मग फिल्टर बदलून चांगलं ऑइल. झाकण उघडं, हीटर चालू ठेवून इंजिन तापवलं. वरचा पाइप गरम झाला, पाण्याची पातळी झटकन खाली गेली, ती भरली. थोड्या वेळाने फॅन स्वतःहून सुरू झाला आणि दोन मिनिटांत बंदही झाला. दुसऱ्या दिवशी कॉम्प्रेशन: 11.5, 11.3, 11.4.