जमिनीवर चिकटपट्टीने आखलेलं घर

पुण्याबाहेर चाकणच्या पट्ट्यात आमची शेड आहे. ट्रॅव्हलर गाड्या आतून मोकळ्या करून तिथे त्यांची फिरती घरं होतात. पलंग कुठे, कप्पे किती, टाकी कोणत्या बाजूला, बॅटरी कुठे, हे सगळं कागदावर आणणं माझं काम. बहुतेक गिऱ्हाइकांना गाडी सुट्टीपुरती हवी असते. चार दिवस कोकण, आठ दिवस राजस्थान, की परत घरी. मिरजेचे काका-काकू मात्र वेगळंच ठरवून आले होते. काका वीज खात्यातून निवृत्त झालेले, काकू शाळेतून. फ्लॅट भाड्याने द्यायचा आणि तब्येत साथ देईल तोवर गाडीतच राहायचं, असा दोघांचा बेत.

सुट्टीची गाडी आणि राहायची गाडी, यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. सुट्टीत माणूस अडचण चालवून घेतो, कारण ती रविवारी संपणार असते. रोज राहायचं म्हटलं की तीच अडचण रोज सकाळी पुढ्यात येऊन उभी राहते. म्हणून राहायला गाडी घेणाऱ्यांसाठी आम्ही एक अख्खा दिवस शेडमध्येच काढायचं ठरवलेलं आहे. गाडीचा आतला आकार फरशीवर चिकटपट्टीने खराखुरा आखायचा, पलंग आणि ओटा खोक्यांनी आणि उरलेल्या प्लायने उभा करायचा, आणि गिऱ्हाइकाने त्या पट्टीच्या आत दिवसभर वावरायचं. जे जे सोबत न्यायचं ते घरून आणायचं. ते प्लॅटफॉर्म काट्यावर जाणार, त्याला चिठ्ठी लागणार आणि गाडीत जागा मिळाली तरच ते येणार.

काका-काकूंचा तो दिवस माझ्या पक्का लक्षात आहे, कारण संध्याकाळपर्यंत मूळ नकाशातली जवळजवळ एकही गोष्ट जागेवर राहिली नव्हती.

त्यांची गाडी ३,३५० मिलिमीटर चाकांतराची, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांत तेवढं अंतर असलेली. ड्रायव्हरच्या मागे आत जेमतेम दहा फूट लांबी आणि साडेपाच फुटांच्या आसपास रुंदी मिळते. दोघांनी मागितलेला पलंग डबल होता, घरच्यासारखा. आडवा टाकला तर काकांचे पाय पत्र्याला टेकत होते, म्हणून नकाशात तो लांबीच्या दिशेने उभा आखला होता, एका भिंतीला चिकटून. कागदावर छान दिसत होता. भिंतीकडची बाजू काकूंची.

जेवणानंतर मी शेडचं शटर ओढलं, दिवे घालवले आणि म्हटलं, “आता रात्र झाली असं समजा. काकू, तुम्हाला बाथरूमला जायचंय.” काका पाठीवर झोपले होते. काकू उठून बसल्या, गुडघ्याला हात लावला, आधी पायथ्याकडे सरकून पाहिलं, तिथे उंच कपाट. मग काकांच्या पायांवरून एक पाय टाकला, तोल गेला म्हणून खोक्याला धरलं आणि खोकंच सरकलं. मी दिवा लावला. काकू हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, “मला साखर आहे. रात्री दोनदा तरी उठावं लागतं. हे असं मी रोज नाही करू शकणार.” काकांनी नुसतं माझ्याकडे पाहिलं.

पुढचा तास खोकी सरकवण्यात गेला. सोफ्याचा रोज रात्री पलंग करायचा, हा पर्याय काकूंनी दोनदा करून पाहिला आणि गुडघ्यांनीच नाही म्हणून सांगितलं. तो सुट्टीच्या गाडीत चालतो. शेवटी जमलं ते असं: दोन्ही भिंतींना दोन स्वतंत्र पलंग, प्रत्येकी दोन फुटांचे, मधे दीड फुटाची वाट, आणि ती वाट सरळ टॉयलेटच्या दारापर्यंत. दिवसा तेच समोरासमोर बसायचे बाक. कोणाला ओलांडायला नको, रोज काही उलगडायला नको. पलंगाची उंची काकूंच्या गुडघ्याला बेतून अठरा इंच ठेवली, कारण त्याहून खाली बसलं की त्यांना उठताना आधार लागत होता.

ह्या दोन पलंगांनी सामानाचाही प्रश्न बराचसा सोडवला. पलंगाखालची जागा ही गाडीतली सगळ्यात मोलाची जागा. ती खाली असते, म्हणून जड वस्तू तिथेच जायला हव्यात. वरच्या कप्प्यांत डाळी-तांदळाचे डबे भरलेली गाडी घाटात वळणावर डोलते, आणि ते चालवणाऱ्याला स्टिअरिंगमध्ये जाणवतं. आमचा नियम असा की वर फक्त कपडे, औषधं, बिस्किटं, टॉवेल. रोज लागणारं कमरेपासून खांद्यापर्यंतच्या उंचीत. आठवड्याला लागणारं पलंगाखाली. ऋतूला लागणारं, म्हणजे रजया, स्वेटर, फोल्डिंगच्या खुर्च्या, अगदी मागे, बाहेरच्या दारातून निघेल असं. चिठ्ठीवर वजनासोबत मी हेच लिहून घेते: रोज, आठवड्याला, ऋतूला. ज्या वस्तूवर काय लिहावं हे मालकालाच कळत नाही, ती बहुधा टेम्पोतून परत जाते. काकूंचे तीन कुकर आले होते, एक राहिला. मिक्सर परत गेला. काकांची अवजारांची लोखंडी पेटी सतरा किलो भरली. तिच्यातलं निम्मं बाहेर काढायला काकांना बराच वेळ लागला आणि मी घाई केली नाही.

शिलाई मशीनवर मात्र काकू ठाम होत्या. जुनं, काळं, ओतीव लोखंडाचं हातमशीन, साडेतेरा किलोचं. आमचे मिस्त्री आधी म्हणाले, एवढ्या वजनात आठ दिवसांचा किराणा बसेल. काकू म्हणाल्या, “किराणा कुठेही मिळतो. मी दिवसभर करायचं काय?” मला त्यांचं म्हणणं पटलं. राहायच्या गाडीत हातांना काम हवंच. ते नसलं की दहा फुटांची जागा खायला उठते. प्रश्न मशीन न्यायचं की नाही हा नव्हता, ते उचलायचं कोणी हा होता. मिस्त्रींनी काकूंच्या पलंगाखाली, ड्रायव्हरच्या सीटला लागून, पंचेचाळीस किलो पेलणाऱ्या टेलिस्कोपिक चॅनेलवर एक बिनझाकणाचा खण काढायचं ठरवलं. खण बाहेर ओढला की मशीन त्यातच राहून पुढे येईल आणि काकू समोरच्या बाकावर बसून शिवतील. खण बाहेर आल्यावर तिथेच अडकावा म्हणून खटका, आत गेल्यावर हलू नये म्हणून पट्टा.

विजेचा हिशेब काकांनी स्वतःच करून आणला होता. वहीत सुबक अक्षरात लोड मांडलेला: एक टनाचा एसी, इंडक्शन, फ्रीज, गिझर, दिवे. आम्ही शेजारी बसून त्याला बॅटरी लावून पाहिली. २०० अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी म्हणजे साधारण अडीच युनिट. तिचं वजन पंचवीस किलोच्या आसपास. इन्व्हर्टरच्या दीडशे अँपिअर-अवरच्या दोन ट्युब्युलर बॅटऱ्या घेतल्या तर शंभर किलोच्या वर जातात आणि त्यांतली निम्मीच वीज वापरावी, नाहीतर त्या लवकर बसतात. छतावर तीनशे वॉटचं सोलर चांगल्या उन्हात दिवसाला सव्वा युनिट देतं, आषाढात त्याचा भरवसा नाही. दोन हजार वॉटचं इंडक्शन बारा व्होल्टवरून चालवायचं तर बॅटरीतून पावणेदोनशे अँपिअरच्या घरात करंट ओढला जातो. एसी रात्रभर लावला तर सहा-सात युनिट सहज.

काका बराच वेळ आकड्यांकडे पाहत राहिले. त्यांना समजावून सांगायची गरजच नव्हती, आयुष्य विजेतच गेलेलं. तेवढ्यात काकू म्हणाल्या, “मे महिन्यात आपण सोलापुरात कशाला राहू? घर चाकांवर आहे ना?” काकांनी एसीवर रेघ मारली आणि छतात बारा व्होल्टचा पंखा घेतला.

इंडक्शनऐवजी गॅस. पाच किलोचा छोटा सिलिंडर, जो पत्त्याचा पुरावा नसला तरी ओळखपत्रावर मिळतो. कायम पत्ता बदलणाऱ्यांना तोच सोयीचा. त्याचा कप्पा मात्र बाहेरूनच उघडणारा, आतल्या बाजूने पूर्ण बंद आणि तळाला भोक असलेला. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साचतो, म्हणून त्याला खालूनच बाहेरची वाट हवी. हे भोक बुजवा, धूळ येते, असं सांगणारी गिऱ्हाइकं भेटतात. मी ऐकत नाही.

विजेवर पहिला हक्क फ्रीजला दिला, आणि त्याचं कारण काकूंचं इन्सुलिन. न उघडलेल्या कुप्या २ ते ८ अंशांत राहायला हव्यात, आणि एकदा गोठलेलं इन्सुलिन फेकूनच द्यावं लागतं. लहान कंप्रेसर फ्रीजमध्ये थंड पत्र्याला टेकलेली वस्तू गोठू शकते, म्हणून त्यात दाराच्या बाजूला वेगळी जाळीची टोपली बसवली आणि तिच्यात थर्मामीटर. असा फ्रीज दिवसाला अर्ध्या युनिटाच्या आसपास खातो. त्याची वायर बॅटरीकडून वेगळी, स्वतंत्र फ्यूजची. बॅटरी उतरायला लागली की बाकी सगळं आधी बंद पडावं आणि फ्रीज सगळ्यात शेवटी, ही जोडणी काकांनीच कागदावर काढून दिली.

पाण्याची टाकी नव्वद लिटरची, म्हणजे भरली की नव्वद किलो. हे वजन रोज चढतं-उतरतं, म्हणून ती मागच्या टोकाला नको. पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधे, एका पलंगाखाली टाकी आणि समोरच्या पलंगाखाली बॅटरी, इन्व्हर्टर आणि जड किराणा, म्हणजे गाडी एका कुशीवर झुकत नाही. टॉयलेट कॅसेटचं घेतलं. खालची पेटी बाहेरून ओढून काढायची आणि कुठल्याही साध्या संडासात रिकामी करायची. गाडीखाली मोठी मैलाटाकी लावली तर ती उपसायची सोय आपल्याकडे रस्तोरस्ती नाही. आपण पाणी वापरणारी माणसं, त्यामुळे पेटी परदेशी माहितीपत्रकात लिहिलेल्यापेक्षा लवकर भरते. म्हणून एक जादा पेटी.

आणि ओला कप्पा. याविषयी मला नेहमीच थोडं जास्त बोलावंसं वाटतं. महाराष्ट्रात चार महिने पाऊस असताना छत्र्या, रेनकोट आणि चिखलाच्या चपला ठेवायला जागा नसलेली गाडी राहण्याची नव्हेच. दाराशीच, पायरीच्या बाजूला, तळाला निचऱ्याचं भोक आणि वर हवेची जाळी असलेला उभा कप्पा हवा. पत्र्याला पावसाळ्यात आतून घाम येतो, म्हणून पत्रा आणि प्लाय यांच्यामधे बंद छिद्रांचा फोम, आणि गादीखाली सलग प्लाय न टाकता पट्ट्या. सलग प्लायवर दोन पावसाळ्यांत गादीला खालून बुरशी धरते. मिस्त्रींना अठरा मिलिमीटरचा प्लाय आवडतो, मजबूत म्हणून. पण आठ बाय चारचं अठराचं शीट पस्तीस किलोच्या आसपास जातं आणि बाराचं तेवीस. अॅल्युमिनियमची चौकट करून बाराचा आणि नऊचा प्लाय वापरायला मी त्यांना राजी केलं.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ नुसार गाडीत मनाला येईल तसे बदल करता येत नाहीत, आणि राहण्याच्या गाड्यांसाठी एआयएस-१२४ हे वेगळं मानक आहे. “आधी करून घ्या, आरटीओचं नंतर बघू” असं कोणी म्हणालं तर त्याच्या दारात गाडी उभी करू नका.

संध्याकाळी सहाला टेम्पो परत निघाला तेव्हा आलेल्या सामानाचा मोठा भाग त्यातच होता. काकू चिकटपट्टीच्या आत बसून चहा पीत होत्या आणि काका पट्टीच्या बाहेर उभे होते. काकूंनी त्यांना आत बोलावलं, “दारातून या,” म्हणाल्या, आणि काका खरोखरच वळसा घालून आखलेल्या दारातून आले.

गाडी तयार झाल्यावर टाकी भरून, सगळं सामान लावून, दोघांना बसवून आम्ही ती वजनकाट्यावर नेली. आधी फक्त पुढची चाकं, मग पूर्ण गाडी, मग फक्त मागची. एकूण वजन मर्यादेच्या आत असून उपयोग नाही, प्रत्येक आसाची, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांच्या दांड्याची, मर्यादाही वेगळी असते आणि मागचा आस सगळ्यात आधी भरतो. आमच्या आकड्यांत मागे अजून दीडशे किलोची सवड होती. तिथून जुना कात्रज घाट. मी मागे पलंगावर पट्टा लावून बसले होते. तिसऱ्या-चौथ्या वळणाला भांड्यांचा खण धाडकन बाहेर आला. त्याला चुंबकाचा खटका होता. परत येऊन मिस्त्रींनी सगळ्याच खणांना दाबून उघडायची कुलपं बसवली. मशीनचा खण तसूभरही हलला नव्हता.

डिसेंबरात गुहागरहून काकांचा फोन आला. इन्सुलिन नीट आहे, गिझर अजून एकदाही लावला नाही, ड्रायव्हरच्या डोक्यावरचा कप्पा रिकामाच आहे. एकच तक्रार होती: समुद्रावरून आलं की वाळूचे पाय धुवायला बाहेर नळ नाही. फेब्रुवारीत ते सर्व्हिसिंगला आले तेव्हा मागच्या दाराशी नळ काढून दिला, टाकीच्याच पाइपातून फाटा घेऊन. काकूंनी त्या दिवसात आमच्या मिस्त्रींच्या दोन पँटींची चेन बदलून दिली.