समाजमंदिराच्या किल्लीसाठी अकरा खेपा

कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावात दर रविवारी तीन ते सहा वर्षांची पोरं गोष्टी आणि अक्षरओळखीसाठी समाजमंदिरात जमतात. गोष्टी सांगायला आज्या तयार होत्या, पुस्तकं घरोघरून गोळा झाली. अडलं ते किल्लीपाशी.

किल्लीसाठीचा अर्ज मी मराठीत लिहून ग्रामपंचायतीत नेला. टेबलापलीकडच्या साहेबांनी पहिली ओळ बघितली आणि कागद परत सरकवला, "कन्नडात आणा." शेजारची पोरगी कन्नड माध्यमात शिकलेली, तिनं रात्री बसून लिहून दिला. दुसऱ्या खेपेला साहेब मीटिंगसाठी बेळगावला गेलेले. तिसऱ्या खेपेला अर्ज घेतला आणि म्हणाले, सदस्यांच्या बैठकीत ठराव व्हायला पाहिजे. बैठक महिन्याला एकदा. मी थांबले. पुढच्या बैठकीत विषयच आला नाही, त्याच्या पुढच्याही नाही. जुलैच्या पावसात छत्री उलटी होत सातव्यांदा गेले, तर नवीन आलेला कारकून म्हणतो, "असा अर्जच आलेला नाही बघा." माझ्याकडे पोच नव्हती. दोन महिने वाया गेले. बाहेरच्या बाकावर बसून मी रागानं रडले, ते अजून आठवतं.

म्हणून सांगते, अर्जाच्या दोन प्रती न्या आणि आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक घेतल्याशिवाय उठू नका. आठव्या खेपेला मी तेच केलं. आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच करायला हवी होती. कर्नाटक सरकारनं 2020 मध्ये ग्रामपंचायतींच्या वाचनालयांतून मुलांना वाचनाकडे आणण्यासाठी 'ओदुव बेळकु' उपक्रम सुरू केला. नव्या अर्जात त्याचा उल्लेख केल्यावर त्याच टेबलावरचा सूर बदलला. अकराव्या खेपेला किल्ली हातात पडली.

पहिले काही महिने पोरांच्या हातात पेन्सिल देऊ नका. या वयात बऱ्याच पोरांची बोटं लिहायला तयार नसतात, कान मात्र तयार असतात. आमच्याकडे एक आजी जात्यावरच्या ओव्या म्हणते, पोरं शेवटचा शब्द पुरा करतात. मग चिंचोके, रांगोळी, ओली माती, ज्यानं हवं त्यानं अक्षर मांडायचं. बिस्किटाच्या पुड्यांची कागदं आणि बसच्या पाट्यांचे फोटोही आम्ही भिंतीवर लावलेत. घरात मराठी आणि पाटीवर कन्नड बघणाऱ्या पोरांना दोन्ही लिप्या एकत्र दाखवल्या तर गोंधळ होईल, असं काही पालक म्हणाले. मला ते पटलं नाही. दोन्हीकडे क, ख, ग याच क्रमानं येतात.

गेल्या रविवारी चार वर्षांच्या एका पोरीनं चिंचोक्यांचा क मांडला. भिंतीवरच्या पाटीकडे बघत त्याच्या शेजारी कन्नडचा क मांडला, एकेकावर बोट ठेवलं आणि दोन्ही वेळा "क" म्हणाली. ते चिंचोके न उचलता मी कुलूप लावलं.