मेल्या म्हशीला मणभर दूध

अमेरिकेत, नेब्रास्का राज्यातल्या लिंकनला मी आलो 2003च्या ऑगस्टमध्ये. सामानात दोन बॅगा, एक प्रेशर कुकर आणि फुटबॉल पायाने खेळतात ही पक्की समजूत. कुकर अजून आहे. समजूत पहिल्या शनिवारीच गेली. ज्यांच्या तळघरात मी भाड्याने राहत होतो ते गृहस्थ सकाळी सातला लाल शर्ट, लाल टोपी, लाल मोजे अशा थाटात अंगणात झेंडा रोवत होते. मला वाटलं, निवडणूक असावी. तेव्हा ते साठीचे होते, पण मी मनातल्या मनात त्यांना आजोबाच म्हणायला लागलो. पुढे मी त्यांच्यापासून दोन गल्ल्यांवर घर घेतलं, ते खरेच आजोबा झाले, आणि झेंडा तेवढा तोच राहिला.

नेब्रास्का म्हणजे मका, सोयाबीन, गुरं आणि वीसएक लाख माणसं. व्यावसायिक खेळाचा एकही मोठा संघ या राज्यात नाही. त्यामुळे सगळ्या राज्याचा जीव विद्यापीठाच्या फुटबॉल संघात. संघाचं नाव कॉर्नहस्कर्स, म्हणजे मक्याची कणसं सोलणारे. शनिवारी मेमोरियल स्टेडियममध्ये पंच्याऐंशी हजारांच्या आसपास लोक जमतात, आणि तेवढ्या चार तासांपुरतं ते स्टेडियम राज्यातलं तिसऱ्या नंबरचं शहर होऊन बसतं. 3 नोव्हेंबर 1962पासून इथला प्रत्येक सामना 'हाउसफुल्ल' आहे. प्रेक्षकांना बंदी असलेलं करोनाचं वर्ष तेवढं सोडायचं. हरोत, जिंकोत, बर्फ पडो, तिकिटं संपतात. आजोबांकडे दोन जागा आहेत, त्यांच्या वडिलांनी साठच्या दशकात घेतलेल्या. आजी गेल्यानंतर त्यातल्या एका जागेवर मी बसतो. त्या जागेवर आजींनी शिवलेली लाल उशी असते. ती न्यायची आणि आणायची जबाबदारी माझी. एकदा विसरलो होतो, त्या दिवशी संघ हरला, आणि गाडीत घरी येईपर्यंत कोणी काही बोललं नाही.

हेड कोच म्हणजे काय, हे सांगलीला अण्णांना फोनवर समजावताना माझी पंचाईत झाली.

"पीटीचा मास्तर का?"

"तसाच. पण याचा पगार कुलगुरूंपेक्षा जास्त असतो."

अण्णांनी जन्मभर शाळेत गणित शिकवलं. त्यांना हे रुचणं शक्यच नव्हतं. मग मी म्हटलं, "तालमीचा वस्ताद समजा." ते एकदम पटलं. कारण पोरगं मैदानात चितपट झालं की बोल वस्तादाला लागतात, हे आमच्याकडच्या मातीत कोणालाही शिकवावं लागत नाही. सध्याचे वस्ताद मॅट रूल. त्यांच्याशी पहिला करार झाला तो आठ वर्षांचा, 7 कोटी 40 लाख डॉलरचा. हा आकडा मी अण्णांना सांगितलेला नाही. त्यांचं पेन्शन अजून चालू आहे आणि ब्लडप्रेशरही.

तर माझं पहिलंच वर्ष. तेव्हाचे वस्ताद फ्रँक सोलिच. इथलेच माजी खेळाडू, पुढे एकोणीस वर्षं सहायक, मग 1998पासून मुख्य. कॉलेजचा हंगाम साधारण बारा सामन्यांचा असतो. 2003मध्ये सोलिच नऊ जिंकले, तीन हरले. नोव्हेंबरच्या शेवटच्या शुक्रवारी कोलोरॅडोला त्यांच्या घरात जाऊन हरवलं, आणि शनिवारी सोलिचना काढून टाकलं.

मी आजोबांना विचारलं, "जिंकले होते ना काल?"

"जिंकले," ते म्हणाले, "पण कसे जिंकले ते बघितलंस का?"

मी बघितलं होतं, पण मला कळलं नव्हतं. मला आपलं बारातले नऊ म्हणजे पंचाहत्तर टक्के, डिस्टिंक्शन, एवढंच दिसत होतं. आजोबांना दिसत होते टॉम ऑस्बॉर्न.

ऑस्बॉर्न 1973 ते 1997 अशी पंचवीस वर्षं मुख्य कोच होते. जिंकले 255, हरले 49, बरोबरी 3. नऊपेक्षा कमी विजय एकाही वर्षी नाहीत. तीन राष्ट्रीय अजिंक्यपदं, तीही शेवटच्या चार वर्षांत. मैदानाला त्यांचं नाव, बाहेर त्यांचा पुतळा. शिक्षण-मानसशास्त्रातले डॉक्टरेट, आवाज कधी चढवायचे नाहीत, शिवी नाही. आजोबांच्या गॅरेजमध्ये हत्यारांच्या फळीवर एक जुना रेडिओ आहे आणि त्याच्या वर ऑस्बॉर्नचा फोटो. आपल्याकडे ज्या उंचीवर गणपती असतो, बरोबर त्या उंचीवर. खाली पाने, स्क्रू, आणि मोजून वर्षभराची धूळ. फोटोवर मात्र धूळ नसते. सोलिच, कॅलहन, पेलिनी, रायली, फ्रॉस्ट, रूल, या सगळ्यांची उत्तरपत्रिका या फोटोखाली तपासली गेली आहे.

आपल्याकडे म्हण आहे, मेल्या म्हशीला मणभर दूध. इथली गंमत अशी की म्हैस चांगली जिवंत आहे. ऑस्बॉर्न याच गावात राहतात, बोलतात, दिसतात. तरी दूध दर वर्षी वाढतंच आहे.

हे दूध मी एकदा मोजून बघायचं ठरवलं. हिवाळ्यात, बाहेर उणे पंधरा असताना माणूस दुसरं काय करणार. जुने निकाल वाचत बसलो आणि चकित झालो. ऑस्बॉर्न पहिली पाच वर्षं ओक्लाहोमाकडून ओळीने हरत होते. लोक इतके कावले होते की 1978च्या हंगामानंतर कोलोरॅडोची नोकरी घ्यावी का, हे बघायला ऑस्बॉर्न खरोखर तिकडे जाऊन आले. 1984च्या जानेवारीत ऑरेंज बोल या हंगामाअखेरच्या मानाच्या सामन्यात मायामीविरुद्ध शेवटच्या मिनिटाला 30-31 असं अंतर होतं. साधी किक मारली असती तर बरोबरी, आणि बरोबरीवरही अजिंक्यपद बहुतेक त्यांनाच मिळालं असतं. त्यांनी जिंकण्यासाठी दोन गुणांचा डाव लावला. फसला. पुढे 1987च्या हंगामापासून हंगामाअखेरचे सात बोल सामने ओळीने हरले. 'मोठ्या सामन्यात हा माणूस कच खातो' हा शिक्का त्यांच्यावर होता. पहिलं अजिंक्यपद आलं ते बाविसाव्या वर्षी.

बाविसाव्या! आज कोणाला बावीस महिनेसुद्धा धड मिळत नाहीत.

मी हा सगळा हिशोब आजोबांपुढे ठेवला. ते गॅरेजमध्ये कापणीयंत्राचं पातं घासत होते. घासत राहिले. मग म्हणाले, "अठ्ठ्याहत्तर साली मीच म्हटलं होतं, जाऊ दे त्याला कोलोरॅडोला." थोडं थांबले. "पण ते माझं तरुणपण होतं."

नऊ विजय कमी पडले म्हणून सोलिच गेले, तेव्हा खेळविभागाच्या प्रमुखांचं म्हणणं होतं की संघाला सामान्यपणाकडे घसरू देणार नाही. पुढच्याच वर्षी, 2004 साली, बिल कॅलहन यांच्या हाताखाली संघाने 1961नंतर पहिल्यांदा जिंकल्यापेक्षा जास्त सामने हरून दाखवले. 2007मध्ये कॅन्ससने 76 गुण चढवले. कॅन्ससने! हे कसं सांगू... ज्या पोराला आपण लहानपणापासून बदडत आलो त्याने भर चौकात आपलं धोतर फेडावं, तसं. त्याच्या थोडं आधीच स्वतः ऑस्बॉर्नना बोलावून खेळविभाग त्यांच्या हाती दिला गेला होता. घरात वितुष्ट आलं की गावाकडच्या थोरल्या काकांना बोलावतात ना, तसं. मधल्या काळात ते तीनदा खासदार झाले होते. 2006ला मात्र राज्यपालपदासाठी पक्षातल्याच निवडणुकीत उभे राहिले आणि पडले. ज्या लोकांनी त्यांचा फोटो गणपतीच्या उंचीवर लावला होता, त्यांच्यातल्याच बऱ्याच जणांनी मत दुसऱ्याला दिलं. मी आजोबांना तेव्हा विचारलं नाही. काही प्रश्न भाडेकरूने विचारायचे नसतात.

ऑस्बॉर्ननी बो पेलिनी यांना आणलं. मला हा माणूस मनापासून आवडायचा, आणि आजोबांना मनापासून नाही. पेलिनी बाजूरेषेवर उभे राहून पंचांवर असे खेकसायचे की टीव्हीचा आवाज बंद असला तरी ऐकू यायचं. त्यांचा प्रगतिपुस्तकातला विनोद असा की पहिल्या सहाही वर्षी ते बरोबर चार सामने हरले. कमी नाही, जास्त नाही. नऊ-चार, दहा-चार, दहा-चार, नऊ-चार, दहा-चार, नऊ-चार. दर महिन्याच्या चार तारखेला दूधवाल्याचं बिल यावं तसे चार पराभव. 2011मध्ये ओहायो स्टेटविरुद्ध एकवीस गुणांनी मागे पडून संघाने सामना फिरवला, पण तोवर बरेच प्रेक्षक कंटाळून उठून गेले होते. सामन्यानंतर पेलिनींनी त्या प्रेक्षकांना घातलेल्या शिव्यांचं रेकॉर्डिंग दोन वर्षांनी बाहेर आलं. आजोबा दुखावले. ते उठून गेले नव्हते, ते कधीच जात नाहीत, पण शिवी समस्तांना होती. मी मनात म्हटलं, निदान एक वस्ताद तरी उलट बोलला.

मग 2014चा वसंत. हंगामाआधीचा सरावसामना, त्यालाही साठ हजारांवर लोक. इंटरनेटवर कोणी तरी पेलिनींची नक्कल करणारं खातं चालवायचा, आणि त्या खात्यावर पेलिनींच्या कुशीत मांजर असायची. तर त्या दिवशी खरे पेलिनी संघासह बोगद्यातून बाहेर आले ते हातात खरीखुरी मांजर घेऊन, आणि ती त्यांनी डोक्यावर उंच धरली. सारं स्टेडियम हसलं. आजोबाही हसले. मला वाटलं, मिटलं एकदाचं. त्याच नोव्हेंबरात आयोवाला जादा वेळेत हरवलं, नऊ-तीन झालं, आणि दोन दिवसांत पेलिनी गेले. पुन्हा तेच नऊ, तेच तीन, तसाच विजयानंतरचा निरोप. अकरा वर्षांत मला फुटबॉल कळायला लागला होता, पण हे गणित काही सुटलं नाही.

माईक रायलींबद्दल काय सांगायचं. सज्जन गृहस्थ. एकोणीस जिंकले, एकोणीस हरले. आजोबांच्या भाषेत, "चर्चमध्ये शेजारी बसावा असा माणूस."

आणि मग स्कॉट फ्रॉस्ट. गावचा पोर, वूड रिव्हरचा. 1997च्या अजिंक्य संघाचा क्वार्टरबॅक (मैदानात डाव चालवणारा), ऑस्बॉर्नचा पठ्ठ्या. फ्लोरिडातल्या एका संघाला 2017मध्ये तेरापैकी बारा जिंकून देऊन, तेरावाही जिंकायला उभा असा हा माणूस घरी परतला. इथे दिवाळी झाली. आजोबांनी माझ्या मुलीला फ्रॉस्टच्या जुन्या नंबरचा शर्ट आणला. फोटोच्या शेजारी दुसरा फोटो लागणार, एवढंच बाकी होतं. खिळा ठोकलेला मी डोळ्यांनी पाहिला.

पहिले सहा सामने ओळीने हरले. 2021मध्ये नऊ हरले, नऊच्या नऊ दहापेक्षा कमी गुणांनी. यातना द्यायची ही वेगळीच तऱ्हा. कोणी धडधडीत झोडपलं तर माणूस टीव्ही बंद करून बागेत तरी जातो. 2022ला डब्लिनमध्ये अकरा गुणांनी पुढे असताना चेंडू परत मिळवायची एक अचरट किक मारली, ती उलटली, सामना गेला. सप्टेंबरमध्ये जॉर्जिया सदर्नकडून घरच्या मैदानावर हरले आणि दुसऱ्या दिवशी फ्रॉस्ट गेले. तीन आठवडे थांबले असते तर नुकसानभरपाई दीड कोटी डॉलरऐवजी निम्मीच द्यावी लागली असती. थांबले नाहीत. रागाची किंमत मी इतकी स्पष्ट आकड्यांत दुसरीकडे कुठे पाहिलेली नाही. हिशोब सोळा जिंकले, एकतीस हरले. आजोबा फ्रॉस्टवर मात्र कधी ओरडले नाहीत. परक्याला दोष देता येतो. आपल्या पोराबद्दल माणूस नुसता गप्प बसतो. खिळा अजून तिथेच आहे. त्याला ते आता मोजपट्टी अडकवतात.

2023च्या एप्रिलमधल्या सरावसामन्यात सोलिच परत आले. मधे ओहायोत सोळा हंगाम कोच राहून निवृत्तही झाले होते. नव्या वस्तादांनी, रूल यांनी, बोलावून त्यांचा मैदानावर सत्कार केला. लहान चणीचे, पांढऱ्या केसांचे. लोक उभे राहिले. आजोबांना गुडघ्याचा त्रास आहे, राष्ट्रगीतानंतर ते सहसा पुन्हा उठत नाहीत. त्या दिवशी माझ्या खांद्यावर हात टेकून उठले आणि टाळ्या वाजवत राहिले. वीस वर्षांपूर्वी 'कसे जिंकले ते बघितलंस का' म्हणणारे ते हेच का, असं विचारायचं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण खांद्यावरचा हात जड होता.

गेल्या काही वर्षांत नऊ ही संख्या इथे कुजबुजत उच्चारली जाते. 2024च्या नोव्हेंबरात विस्कॉन्सिनला हरवून संघाने सहावा विजय मिळवला. सहा जिंकले की बोल सामन्याला पात्र. आठ वर्षांत तो योग आला नव्हता. पोरं कुंपणं ओलांडून मैदानात उतरली, नाचली, रडली. सहा विजयांसाठी! मी उशी काखेत धरून बघत होतो. पुढच्या शुक्रवारी आयोवाने शेवटच्या क्षणी किक मारून 13-10 असं हरवलं आणि परंपरा सांभाळली.

रविवारी सांगलीचा फोन.

"किती जिंकले रे या वर्षी?"

"बारापैकी सहा."

"पन्नास टक्के," अण्णा म्हणाले. "सेकंड क्लास. मग मास्तरला ठेवला का काढला?"

"ठेवला."

"बघ. नऊवाल्याला काढला होता ना त्यांनी?"

"दोघांना काढला, अण्णा."

पलीकडे बराच वेळ शांतता. गणिताचा माणूस, उदाहरण पुन्हा पहिल्यापासून मांडत असावेत. मी खिडकीतून पाहिलं. आजोबा गल्लीतून काठी टेकत येत होते, हातात माझी, म्हणजे आजींची, लाल उशी. विस्कॉन्सिनच्या सामन्यानंतर त्यांच्या गाडीतच राहिली होती.