सशांसाठी रायफल आणि काडतूस : सेंट्रल ओटॅगोतील सहा महिन्यांची नोंद

मार्च महिन्यात बंदुकीचा परवाना हातात आला तेव्हा कोणती रायफल घ्यावी हा एकच प्रश्न माझ्या डोक्यात होता. आज सहा महिन्यांनंतर वाटते की तो प्रश्न उलट बाजूने सोडवायला हवा होता. आधी अंतर ठरवावे, मग काडतूस ठरवावे आणि त्या काडतुसाला मानवणारी रायफल शेवटी निवडावी.

मी न्यूझीलंडच्या सेंट्रल ओटॅगो भागात, अलेक्झांड्रा गावाजवळच्या एका मेंढपाळाच्या रानात, त्याच्या परवानगीने, शनिवारी-रविवारी ससे मारतो. एकोणिसाव्या शतकात युरोपीय वसाहतवाल्यांनी आणलेला हा प्राणी येथील कोरड्या टेकड्यांवर इतका माजला की मेंढ्यांचा चारा तर संपतोच, शिवाय बिळांमुळे उतारावरची माती सुटी होऊन वाहून जाते. १९९७ साली काही शेतकऱ्यांनी बेकायदेशीरपणे सशांना मारणारा विषाणू आणून पसरवला, २०१८ मध्ये त्याचा नवा प्रकार अधिकृतपणे सोडण्यात आला, तरीही बंदुकीचे काम संपलेले नाही. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंदी आहे, त्यामुळे ही नोंद येथील कायद्यात बसणाऱ्या शिकारीपुरतीच वाचावी, ही विनंती.

माझी रायफल .२२ लाँग रायफल या लहान काडतुसाची (.२२ म्हणजे नळीचा इंचातला व्यास), प्रत्येक गोळीनंतर हाताने बोल्ट ओढावा लागणारी, सीझेड कंपनीची ४५७ आहे. पाच गोळ्यांचे मॅगझीन, चारपटीची साधी दुर्बीण आणि नळीच्या टोकाला सायलेन्सर, एवढाच सरंजाम. सायलेन्सर येथे सर्रास मिळतो आणि तो लावल्यावर ध्वनीच्या वेगाखालील काडतुसाचा खरा उपयोग कळतो. चाळीस ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचे माप, चाळीस म्हणजे सुमारे अडीच ग्रॅम) ही गोळी सेकंदाला सुमारे ३२० मीटर वेगाने निघते. हवेत ध्वनीचा वेग १५ अंश तापमानाला सुमारे ३४० मीटर असतो, म्हणून गोळीचा कडाडा होत नाही आणि एक ससा पडल्यावर शेजारचे दोन कान टवकारून तिथेच बसून राहतात. मात्र जुलैच्या, म्हणजे येथील हिवाळ्याच्या, पहाटे पारा शून्यापर्यंत उतरला की ध्वनीचा वेगही ३३१ पर्यंत खाली येतो. प्रत्येक गोळीचा वेग थोडा पुढेमागे असतो, त्यामुळे डब्यावर ३२६ चा वेग छापलेल्या काडतुसांत एखादी गोळी कडाडून जाते. हे मला पहाटेच्या दोन फेऱ्यांनंतर उमगले.

काडतुसांची चाचणी मी पन्नास मीटरवर, गवताच्या गठ्ठ्यावर कागद लावून घेतली. तीन वेगवेगळ्या बनावटीची, प्रत्येकी पाच-पाच गोळ्यांची चार टोळकी (एकाच नेमाने झाडलेल्या गोळ्यांचे गट) झाडली. पहिल्या दिवशी निष्कर्ष चुकला, कारण प्रत्येक काडतुसाच्या शिशावरील मेण वेगळे असते आणि बनावट बदलल्यावर पहिल्या आठ-दहा गोळ्या नळी नव्या मेणाला सरावेपर्यंत भरकटतात. त्या सोडून मोजले तेव्हा एका काडतुसाची पाचही छिद्रे रुपयाच्या नाण्याखाली झाकली गेली, तर दुसऱ्याची, जे महाग होते, तळहातभर पसरली. रायफलीची पसंती किमतीवर ठरत नाही, एवढे तिने मला दाखवले.

पन्नास मीटरवर नेम बसवला की वीस ते साठ मीटरपर्यंत गोळी नेमापासून दीड-दोन सेंटीमीटर वरखाली राहते. पंचाहत्तर मीटरवर ती सुमारे आठ सेंटीमीटर आणि शंभरावर वीसहून अधिक सेंटीमीटर खाली जाते. पोकळ टोकाची असली तरी कमी वेगाची गोळी लागल्यावर फारशी फुलत (पसरत) नाही, त्यामुळे डोक्यावर नेम धरणे भाग आहे. सशाच्या मेंदूचा भाग लहान असतो आणि जखमी ससा बिळात जाऊन मरणे मला मान्य नाही. म्हणून साठ मीटर ही माझी सीमा. ससा त्यापलीकडे असेल तर मी गोळी न झाडता ओंडक्याआडून जवळ सरकतो.

एका मित्राची .१७ एचएमआर या बारीक, वेगवान काडतुसाची रायफल दोन रविवार वापरली. २००२ साली आलेले हे काडतूस .२२ मॅग्नम या .२२ च्याच अधिक जोरकस काडतुसाचे कवच आवळून केलेले आहे. सतरा ग्रेनची गोळी सेकंदाला सुमारे ७७५ मीटरने निघते आणि शंभर मीटरवर नेम बसवला तर दीडशेवर सात-आठ सेंटीमीटरच खाली जाते. उघड्या उतारावर तिची बरोबरी नाही, पण वायव्येच्या वाऱ्यात हलकी गोळी शंभर मीटरवर तळहाताएवढी बाजूला ढकलली जाते. धडाला लागली तर मांस खाण्याजोगे उरत नाही, आणि आवाजाने सगळी वसाहत बिळात शिरते. तिचा एक गुण मात्र मोठा आहे : प्लास्टिक टोकाची ती गोळी जमिनीला लागताच सहसा फुटते. माझी शिशाची संथ गोळी खडकावरून उसळते. मे महिन्यात शिस्ट खडकाच्या कडेला लागलेली एक गोळी भुणभुणत दूर गेली तो आवाज मी विसरलेलो नाही. .२२ ची गोळी दीड किलोमीटरहून अधिक जाऊ शकते, त्यामुळे आता मागे मातीचा उतार दिसल्याशिवाय माझे बोट चापावर जात नाही.

सध्या मानवलेल्या काडतुसाचे एकाच लॉटचे (कारखान्यात एका खेपेत बनलेले) पाचशे नग घेऊन ठेवले आहेत, रायफल आणि काडतुसे वेगवेगळ्या कुलपांत. पुढच्या महिन्यात निवांत पहाट मिळाली की याच लॉटची साठ मीटरवरची टोळकी मोजून मांडीन.