तोंड उघडलं की बेस गायब

मी मॉनिटर बघतो. प्रेक्षकांना काय ऐकू जातं ते समोरचा साउंडवाला सांभाळतो, स्टेजवरच्या कलाकारांना काय ऐकू जातं ते माझ्याकडे. वेजच्या, म्हणजे स्टेजवर कलाकारांकडे तोंड करून ठेवलेल्या स्पीकरच्या काळात तक्रार आली की फेडर, म्हणजे मिक्सरवरची आवाज कमी-जास्त करायची कळ, हलवायचा, फार तर एखादी फ्रिक्वेन्सी कापायची. इन-इअरच्या, म्हणजे थेट कानात घालायच्या इअरफोनच्या तक्रारीत बऱ्याचदा मिक्सरला हात लावायचीही गरज नसते, कारण सगळी गडबड त्याच्या टोकाची मऊ टिप आणि कानाची भिंत यांच्यामध्ये असते. त्या दिवशीच्या प्रकारात ही गडबड मला जितकी स्पष्ट दिसली तितकी पूर्वी कधी दिसली नव्हती.

गायिका अनुभवी, पण उभी कारकीर्द वेजवर गेलेली. इन-इअर त्यांचे स्वतःचे होते, चांगले, एका कानात तीन ड्रायव्हरवाले, म्हणजे तीन चिमुकले स्पीकर. त्यांच्या मिक्सची, म्हणजे कानात कुठला आवाज किती याची, फाईल आधीच्या कार्यक्रमातून आली होती. उघडली तर १०० हर्ट्झच्या खाली ९ डेसिबलचा बूस्ट. एवढा बेस कुणी हौसेनं मागत नाही. कानापर्यंत बेस पोचतच नसला की माणूस तो मागत सुटतो आणि मिक्सरवर बसलेला देत सुटतो.

साउंडचेक सुरू झाला. पहिलं कडवं खालच्या सुरात होतं, तिथं ताई खूश. अंतऱ्यात वर गेल्या आणि हात उजव्या कानाकडे गेला. पुढच्या ओळीला तो इन-इअर काढून खांद्यावर टाकला आणि बेल्टपॅकचं, म्हणजे इन-इअरला आवाज देणाऱ्या कमरेच्या डबीचं, बटण वर फिरवलं.

"दादा, आवाज मध्येच पातळ होतो. आत्ता होता, आत्ता गेला. वायर तर तुटली नाही ना?"

वायर शाबूत होती. बेल्टपॅक बदलून पाहिला, तोही ठीक. मला जास्त काळजी होती ती खांद्यावर लोंबणाऱ्या इन-इअरची. एक कान मोकळा ठेवला की स्टेजवरचा सगळा गोंगाट त्या कानात शिरतो. शिवाय दोन कानांनी मिळून आवाज जितका मोठा वाटतो तितका एका कानाला वाटत नाही, म्हणून उरलेल्या कानात माणूस सहज ६ डेसिबल वाढवून घेतो. कानाच्या सुरक्षेचा रूढ हिशेब असा की ८५ डेसिबल ८ तास चालतात आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते. म्हणजे ६ डेसिबल वाढवले की मुभा पावपट. रोज गाणाऱ्या माणसाला हे परवडत नाही.

बँडला थोडं थांबायला सांगितलं आणि ताईंना खुर्चीत बसवलं. फिटिंग तपासायची एक सोपी युक्ती आहे. ५० हर्ट्झ आणि ५०० हर्ट्झ असे दोन सूर हळू आवाजात आळीपाळीनं, एकेका कानात सोडायचे. टिप नीट बसली असेल तर दोन्ही साधारण सारखे भरीव लागतात. कुठून हवा जात असेल तर ५०० तसाच राहतो आणि ५० विरतो, कारण बारीक फटीतूनही खालच्या सुरांचा दाब निसटून जातो. डावा कान ठीक. उजवाही ठीक! मला अपेक्षित नव्हतं. मग लक्षात आलं की बसून, तोंड मिटून ऐकताना तर त्यांची तक्रार नव्हतीच.

"ताई, हा सूर चालू ठेवतो. तुम्ही गाताना उघडता तसं तोंड हळूहळू उघडा. आवाज काढू नका."

त्यांनी 'आ'कार लावायला उघडतात तसं तोंड उघडलं. अर्ध्यावर काही नाही. पुरतं उघडलं आणि त्यांचे डोळे विस्फारले. "गेला!" तोंड मिटलं, सूर परत. पुन्हा उघडलं, पुन्हा गायब. आम्ही दोघंही हसायला लागलो. डाव्या कानात असं काही होत नव्हतं.

जबड्याचा सांधा कानाच्या नळीच्या अगदी पुढ्यात असतो. कानात करंगळी हलकेच ठेवून जांभई दिली तर तो सरकताना बोटाला कळतो. तोंड मोठं उघडलं की तो पुढे जातो आणि नळीची पुढची भिंत त्याच्याबरोबर हलते, नळी रुंद होते. कुणाची जास्त होते, कुणाची कमी, आणि एकाच माणसाचे दोन कानही सारखे नसतात. गिटारवादकाला याचा पत्ताही लागत नाही. गाणाऱ्याची मात्र ऐन वरच्या सुराला, जेव्हा आधार सर्वांत जास्त हवा तेव्हाच फट पडते.

टिपांचा डबा माझ्या पेटीत कायम असतो, सगळ्या न वापरलेल्या. एकाच्या कानातली टिप दुसऱ्याला द्यायची नाही, या बाबतीत मी हट्टी आहे. उजव्या कानाला सिलिकॉनची मोठी टिप लावून पाहिली. बसली, पण ताईंच्या कपाळावर आठी. टोचणारी टिप कार्यक्रमभर कुणी सहन करत नाही, आणि चांगला दाबून बसवलेला इन-इअरही दुखायला लागला की हात आपोआप कानाकडे जातो. दोन पाळ्यांची टिप आत जाईचना. राहिला फोम.

फोम लावायला बहुतेकांना कुणी शिकवलेलंच नसतं. तसाच कोंबतात आणि मग नावं ठेवतात. बोटांनी वळून बारीक करायचा, दुसरा हात डोक्यामागून आणून कानाची पाळी वर आणि मागे ओढायची म्हणजे नळी सरळ होते, इन-इअर आत सारायचा आणि फोम फुलेपर्यंत बोटानं धरून ठेवायचा. घाई केली तर तो फुलताना इन-इअरला बाहेर ढकलतो. ताईंना मी हे माझ्या कानावर करून दाखवलं, मग त्यांनी स्वतः केलं. दुसऱ्यांदा जमलं. उजवीकडे मोठा फोम, डावीकडे मधल्या मापाचा. एका कानात सिलिकॉन आणि दुसऱ्यात फोम चाललं असतं, पण फोम ट्रेबल थोडा खातो आणि मग दोन कानांचा रंग वेगळा लागतो. वायर त्या नुसती खाली सोडत होत्या, ती कानावरून मागे घेतली आणि मानेमागची सरकपट्टी वर सरकवली. मान वळवली की बसणारा झटका थांबला.

परत ५० हर्ट्झ. तोंड पुरतं उघडलं, सूर जागच्या जागी.

मी फाईलमधला तो ९ डेसिबलचा बूस्ट काढून टाकला आणि म्हटलं, गा. दोन ओळी गाऊन त्या थांबल्या.

"आता विहिरीत तोंड घालून गातेय असं वाटतंय."

हे होणारच होतं. आपला आवाज आपल्याला हाडांतूनही ऐकू येतो, आणि कान मोकळा असताना त्यातला खालचा भाग बाहेर निघून जातो. कान घट्ट बंद केला की तो आतच कोंडतो. 'ई' आणि 'ऊ' म्हणताना सर्वांत जास्त घुमतं, हवं तर दोन्ही कानांत बोटं घालून पाहा. बऱ्याच गायकांचं इन-इअरशी वाकडं येतं ते इथेच. एक कान काढून ठेवण्यामागेही पुष्कळदा हेच कारण असतं, सांगताना मात्र 'पब्लिक ऐकू येत नाही' असं सांगतात.

यावर पहिला उपाय पुन्हा फिटिंगचाच. कानाची नळी बाहेरच्या भागात कुर्चेची आणि आत हाडाची असते. घुमतो तो मुख्यतः कुर्चेचा भाग, त्यामुळे टिप जितकी आत तितका घुमारा कमी. ताईंनी फोम पुन्हा वळून किंचित आत बसवला. त्याहून आत नको म्हटलं. दुखेपर्यंत काही ढकलायचं नाही. फरक पडला, पण पुरेसा नाही.

मग मिक्सरकडे वळलो. त्यांच्या माईकचं एक वेगळं चॅनल फक्त त्यांच्या कानासाठी काढलं, म्हणजे बाकीच्यांच्या मिक्सला धक्का नको. त्यात २०० हर्ट्झच्या आसपास कापलं आणि पोलॅरिटी उलटी केली, म्हणजे आवाजाच्या लाटेची वरची बाजू खाली आणि खालची वर. हे शेवटचं पुष्कळ जण करून पाहत नाहीत. हाडांतून येणारा आवाज तत्क्षणी पोचतो, माईकमधून येणारा डिजिटल साखळीतून फिरून थोडा मागे राहतो. नुसता गणिताचा हिशेब केला तर ३ मिलिसेकंदांच्या उशिरानं १६७ हर्ट्झच्या आसपास दोन लाटा एकमेकींना मारतात. पोलॅरिटी उलटली की हे खड्डे दुसरीकडे सरकतात. कुणाला त्यानं आवाज जवळ आल्यासारखा वाटतो, कुणाला अगदीच पोकळ. आधी सांगता येत नाही आणि माझ्या हेडफोनमध्ये तर काहीच फरक ऐकू येत नाही, कारण तो घोळ फक्त गाणाऱ्याच्या डोक्यात चाललेला असतो. म्हणून बटण दाबताना मी ताईंना सांगितलंच नाही की काय करतोय. फक्त 'एक' आणि 'दोन' म्हणत राहिलो.

"दोन. दोनच राहू दे."

दोन म्हणजे उलटी. पुन्हा एकदा फिरवाफिरवी करून विचारलं, तरी दोन.

इथून पुढे आवडीचा भाग, आणि तिथे माझं-त्यांचं जमेना. मला गायकाचा आवाज सगळ्यांच्या पुढे, स्वच्छ, शब्द न् शब्द कळेल असा आवडतो. त्यांना तो नको होता. "मी काय गातेय ते मला ठाऊक आहे, मला बाकीचे ऐकू दे." आवाज बँडच्या मागे ठेवला, ३ किलोहर्ट्झला थोडा मऊ केला. कीबोर्ड डावीकडे, गिटार उजवीकडे, ड्रम नावापुरते. प्रेक्षकांकडे तोंड केलेले दोन माईक हळूच मिसळले. आखूड रिव्हर्ब मी दिला तेवढाच त्यांनी आणखी मागितला. मला त्या मिक्सवर एक गाणंही धड म्हणता आलं नसतं, पण मी गाणार नव्हतो. पूर्ण गाणं झालं तेव्हा बेल्टपॅककडे नजर गेली. दुपारी टोकाला टेकलेलं बटण त्यांनी आपणहून निम्म्याच्या खाली आणलं होतं.

कार्यक्रमात एकच प्रसंग आला. दोन गाण्यांच्या मध्ये प्रेक्षकांशी बोलायला त्यांनी दोन्ही इन-इअर काढले, आणि बँडनं पुढचं गाणं सुरू केल्यावर उजवा घाईनं तसाच कोंबला. पहिल्याच ओळीला त्यांनी माझ्याकडे पाहिलं, हात कानाकडे नेला. मी फेडरला हात न लावता दोन बोटं एकमेकांवर चोळून दाखवली. त्यांनी मान हलवली, म्युझिकच्या तुकड्यात पाठ फिरवून फोम वळला, पाळी ओढली, बोट दाबून उभ्या राहिल्या आणि बरोबर वेळेवर अंतरा उचलला. त्यानंतर त्या बोलायला लागल्या की मी प्रेक्षकांचे माईक वर घेत गेलो. मग कान काढायची वेळच आली नाही.

आवराआवर चालू असताना त्यांनी मापाच्या, म्हणजे स्वतःच्या कानाच्या साच्यावरून बनवलेल्या इन-इअरबद्दल विचारलं. मी सांगितलं की करा, पण कानाचा साचा घेताना दातांत ठोकळा धरून तोंड उघडं ठेवायला सांगा, नाहीतर मिटल्या तोंडाचं माप जाईल आणि हीच फट जास्त पैसे देऊन विकत घ्याल. आमच्या ड्रमरचे तसेच आहेत. मापाच्या इन-इअरला चालना दिली तीही एका ड्रमरनंच. १९९५ च्या सुमारास जेरी हार्वे या साउंड इंजिनिअरनं ॲलेक्स व्हॅन हेलेनसाठी ते घडवले आणि त्यातून पुढे अल्टिमेट इअर्स उभी राहिली.

ताईंना कुतूहल वाटलं. ड्रमरच्या कानात काय जातं ते ऐकायचं म्हणाल्या. कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग लावून त्याचा मिक्स त्यांच्या बेल्टपॅकवर दिला. किक ड्रम, क्लिक म्हणजे लयीची टिकटिक, आणि बेसगिटार; त्यांचा आवाज शोधावा लागेल इतका मागे. थोडं ऐकून त्यांनी दोन्ही कान काढले.

"एवढं जीव तोडून गायले आणि हा मला ऐकतच नव्हता?"

ड्रमर केबल गुंडाळत होता. म्हणाला, "ताई, तुम्ही तरी मला कुठे ऐकत होता?"