होल्ट-विंटर्सला अधिक महिना कोण सांगणार?

एमबीएला फोरकास्टिंग, म्हणजे मागच्या आकड्यांवरून पुढचा अंदाज बांधणं, हा विषय घेतला तो खरं सांगायचं तर मार्केटिंगच्या सीट भरल्या होत्या म्हणून. सुरुवात सोपी होती, मूव्हिंग अ‍ॅव्हरेज म्हणजे मागच्या तीन महिन्यांची सरासरी, तोच पुढचा अंदाज, झालं. मग एक्स्पोनेन्शियल स्मूदिंग आलं, त्यात अल्फा असतो, शून्य ते एकच्या मधला आकडा, मोठा ठेवला तर मॉडेल कालपरवाच्या विक्रीवर भाळतं आणि लहान ठेवला तर जुन्याच आठवणी काढत बसतं (आमच्या आजीचा अल्फा ०.०५ असणार). मग होल्ट-विंटर्स, १९५७ चा होल्ट आणि १९६० चा विंटर्स, ही पद्धत लेव्हल (सध्याची पातळी), ट्रेंड (चढ की उतार) आणि सीझन (दरवर्षी त्याच महिन्यांत येणारी लाट) तिन्ही वेगवेगळं सांभाळते. वर्गात सगळं विमान प्रवाशांच्या एका ठरलेल्या पुस्तकी डेटावर चालायचं, १९४९ ते १९६०, १४४ महिने, दर उन्हाळ्यात टेकडी आणि दरवर्षी ती आधीपेक्षा उंच. मॉडेल असं चपखल बसतं की आपल्याला सगळं आलंच असं वाटायला लागतं.

त्याच जोशात २०२३ च्या सुरुवातीला प्रोजेक्टसाठी मामाच्या दुकानाची विक्री घेतली. पूजेचं सामान, कापूर, वाती, अष्टगंध, जानवी. बिलांमधून २०१९ ते २०२२ ची महिन्यावारी विक्री काढली, तिला होल्ट-विंटर्स लावलं, २०२२ बाजूला ठेवून टेस्ट केली, लॉकडाऊनचे महिने जरा हाताने सावरावे लागले पण एरर (अंदाज आणि खऱ्या विक्रीतला फरक) मस्त कमी आली, सर पण खूश. शीट घेऊन मामाकडे गेले. त्याने चष्मा कपाळावर सरकवला, ऑगस्टच्या रकान्यावर बोट ठेवलं आणि म्हणाला, "अगं, एवढा कापूर ऑगस्टमध्ये विकू कुणाला? यंदा अधिक श्रावण आहे, गणपती १९ सप्टेंबरला."

मी गप्प.

आधीची वर्षं काढून बघितली तर गणपती २ सप्टेंबर, २२ ऑगस्ट, १० सप्टेंबर, ३१ ऑगस्ट, म्हणजे बरीचशी खरेदी ऑगस्टमध्येच पडलेली आणि मॉडेलने सरळ ऑगस्ट म्हणजे सीझन असं पाठ केलेलं. टेस्टचं २०२२ पण त्याच साच्यातलं, म्हणून तर पास झालं! त्यात अधिकात लोक दीपदानासाठी दिवे, ताम्हण घेतात, ते गिऱ्हाईक वेगळंच. माझ्या डेटात अधिक महिना एकदाच होता, १८ सप्टेंबर ते १६ ऑक्टोबर २०२०, म्हणजे ऐन कोरोनात, तेव्हा कोण येतंय दिवे घ्यायला.

सरांना सांगितलं तर ते हसले, म्हणाले ईस्टर पण असाच २२ मार्च ते २५ एप्रिल कुठेही येतो, अमेरिकेच्या जनगणना खात्याच्या सॉफ्टवेअरमध्ये त्याची खास सोय आहे, तू तिथीची कर. मग महिने सोडून आठवडे घेतले, गणेश चतुर्थीला किती आठवडे उरलेत असा कॉलम टाकला, पितृपक्षाचा वेगळा, अधिकाचा वेगळा, आणि साधं रिग्रेशन लावलं, म्हणजे कुठल्या कॉलमने विक्री किती हलते ते काढणं. दोन रात्री एक्सेलमध्ये तिथ्या भरत बसले होते, भिंतीवरचं कॅलेंडर काढून मांडीवर घेऊन. चतुर्थीचा कॉलम छान चालला. अधिकाचा मात्र काहीच्या काही निघाला, एका कोरोनाच्या महिन्यावरून तो बिचारा काय शिकणार.

आता पुढचा अधिक ज्येष्ठ, १७ मे २०२६ पासून. मामाचा फोन, "विचार तुझ्या कॉम्प्युटरला, पितळेचे दिवे किती डझन मागवू?" म्हटलं मामा, तूच सांग, मी कॉलममध्ये भरते.