एकाच शाईची वही

काकांची साखरेची वही इतकी नीटनेटकी होती, की मला आधीच शंका यायला हवी होती. ११८, १२४, १२१... महिन्याभराचे आकडे एकाच शाईत, एका बैठकीत उतरवल्यासारखे. आणि एचबीए१सी, म्हणजे रक्तातल्या लाल पेशींना चिकटलेल्या साखरेचं प्रमाण, तब्बल ११.२! लाल पेशी साधारण १२० दिवस जगतात, म्हणून ही तपासणी मागच्या दोन-तीन महिन्यांचा हिशेब सांगते. तिच्यापुढे वहीची थाप चालत नाही.

आधीच्या तीन भेटींत मी काय केलं? इन्सुलिन वाढवलं. १४ युनिट, मग १८, मग २४. बाहेर रांग असली की हात आपोआप तिकडेच जातो.

त्या दिवशी ग्लुकोमीटर मागितला. मेमरीतलं शेवटचं रीडिंग सात आठवड्यांपूर्वीचं. रागवायला तोंड उघडलं आणि त्यांच्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. शर्टाचं बटण चुकीच्या काजात. पट्ट्याला खिळ्याने पाडलेलं नवं भोक. वजन उतरतंय ते साखरेमुळे, असं मी धरून चाललो होतो.

"काका, झोप लागते?"

"तीनला जाग येते. मग पडून राहतो."

"कशात मन रमतं?"

बराच वेळ काहीच नाही. मग म्हणाले, "टोचून घेऊन करायचं काय, डॉक्टर?"

जगणं नकोसं होतं का, हेही सरळ विचारलं. विचारल्याने तसले विचार डोक्यात शिरतात, हा गैरसमज आहे. "कधीकधी," ते म्हणाले. त्यांना विचारून मुलीला आत बोलावलं, आणि मानसोपचारतज्ज्ञांना तिथूनच फोन लावला.

नैराश्यात इंजेक्शनं चुकतात, एवढ्यावरच भागत नाही. कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक चढलेलं राहिलं तर यकृत रक्तात साखर सोडत राहतं आणि शरीर इन्सुलिनला पुरेशी दाद देत नाही. मधुमेह असलेल्यांत नैराश्य इतरांच्या जवळपास दुप्पट आढळतं, हे मला पाठ होतं. परीक्षेपुरतं, बहुधा.

घाम फुटला तो रात्री. ते २४ युनिट त्यांनी कधी घेतलेच नव्हते. पण एखाद्या सकाळी मुलीच्या धाकाने पूर्ण डोस टोचला असता आणि भूक नाही म्हणून काही खाल्लं नसतं, तर साखर धाडकन खाली आली असती. माझ्याच चिठ्ठीवरून. सकाळी फोन करून डोस १० वर आणला.

दोन महिन्यांनी वही पुन्हा टेबलावर आली. निळी शाई, काळी शाई, मधेच पेन्सिल. चार दिवस कोरे. एका ओळीत २८७, आणि शेजारी बारीक अक्षरात: 'टोचलं नाही. कंटाळा.'